रात्री इथे किती जण झोपतात? तुर्भ्याची साथजोखीम मोजताना

तुर्भे हा नवी मुंबई महापालिकेच्या आठ विभागांतला एक. एका बाजूला सानपाड्याचे लिफ्टवाले टॉवर, मध्ये एपीएमसीचे (कृषी उत्पन्न बाजार समितीचे) पाच घाऊक बाजार, रूळ आणि ठाणे-बेलापूर रस्ता ओलांडला की तुर्भे स्टोअर आणि इंदिरानगर या वस्त्या, एमआयडीसीचे कारखाने आणि डोंगराच्या अंगाला दगडखाणी. उद्या हवेतून पसरणारी नवी साथ आली तर यातलं आधी काय मोडेल, हे आगाऊ मोजायचं काम आम्ही हातात घेतलं. ते कसं केलं आणि कुठे फसलं ते इथे लिहितो आहोत. आपापल्या विभागात हे करू पाहणाऱ्यांना निदान आमच्या चुका तरी पुन्हा कराव्या लागू नयेत.

सुरुवातीला आम्हीही अख्ख्या विभागाला एकच गुण देऊन मोकळे झालो होतो. दाटी मध्यम, खाटा बऱ्या, ज्येष्ठ कमी, म्हणून जोखीम मध्यम. या ‘मध्यम’चा कुणाला काडीचा उपयोग नाही. जुलै २०२० मध्ये मुंबईच्या तीन विभागांत लोकांच्या रक्तातली प्रतिपिंडं तपासली, तेव्हा झोपडपट्टीत ५७ टक्के आणि झोपडपट्टीबाहेर १६ टक्के लोकांना लागण होऊन गेलेली निघाली. या दोन आकड्यांची सरासरी काढली तर ती ना झोपडीतल्या माणसाला लागू, ना फ्लॅटमधल्या. मोजायचं एकक लहान हवं, हे तिथेच ठरलं.

पण लहान म्हणजे किती? प्रभाग धरावा तर तो स्थिर नाही. २०१० च्या निवडणुकीला नवी मुंबईत ८९ प्रभाग होते, २०१५ ला १११ झाले, आता अनेक सदस्यांचे पॅनेल प्रभाग आहेत. २०११ च्या जनगणनेचे आकडे जुन्या हद्दींवर बसवलेले. जुना प्रभाग नव्या नकाशावर ठेवला की अर्धी वस्ती शेजाऱ्याकडे जाते. शेवटी आम्ही आशाताईंचं कार्यक्षेत्र हेच एकक धरलं. शहरी भागात एका आशाताईकडे साधारण १,००० ते २,५०० लोकसंख्या असते, हद्द तिला पायाखाली पाठ असते आणि उद्या साथ आलीच तर दारोदार जाणारीही तीच असते.

घरांची यादी कुठून मिळवायची, यावर बराच खल झाला. मालमत्ता कर, पाणीजोडण्या, वीजमीटर, मतदारयादी, रेशनकार्ड अशी सगळी दारं ठोठावून झाली. एका मीटरवर चार खोल्या चालतात. मत सातारा, बीड किंवा जौनपूरला असतं. रेशनकार्ड गावी भावाच्या ताब्यात. सगळ्यांत भरवशाचा कागद निघाला पल्स पोलिओचा मायक्रोप्लॅन. त्यात कुठल्या गल्लीतून शिरायचं, कुठे वळायचं, किती घरं, कुठे बांधकामावरचे मजूर, कुठे पालं ठोकून राहणारे, सगळं लिहिलेलं असतं, आणि प्रत्येक फेरीला खडूने दारावर ‘पी’ किंवा ‘एक्स’ लिहून जाणाऱ्या माणसांनी ते तपासलेलं असतं. नागरी आरोग्य केंद्रात ही फाइल असते. मागा, मिळते.

एका वस्तीगटात, म्हणजे एका आशाताईच्या कार्यक्षेत्रात, समजा ४०० घरं आहेत. दर आठवं घर घेतलं की ५० घरांचा नमुना होतो. ‘माझे कुटुंब, माझी जबाबदारी’ मोहिमेत एका पथकाला दिवसाला ५० घरं नेमून दिली होती, पण तिथे ताप आणि ऑक्सिजन बघून पुढे जायचं होतं. मोजपट्टी आणि प्रश्नावली घेऊन दोघांच्या पथकाला २५ घरं झाली तरी भरपूर. म्हणजे एक गट, दोन दिवस. इथे हमखास होणारी चूक म्हणजे कुलूप दिसलं की शेजारचं घर घेणं. दुपारी कुलूप असतं ते कामावर गेलेल्यांच्या दाराला, आणि आजार घरात आणणारी किंवा घरातून नेणारी माणसं तीच. शेजारचं घर घेतलं की नमुन्यात आजी, गृहिणी आणि लहान मुलं उरतात. बंद घरी संध्याकाळी साडेसातनंतर किंवा रविवारी परत जायचं. तीन फेऱ्यांनीही दार उघडलं नाही तर ‘बंद’ लिहायचं, पण घर बदलायचं नाही.

आता प्रश्न. ‘कुटुंबात किती माणसं?’ याचं उत्तर येतं, ‘चार.’ ‘काल रात्री इथे किती जण झोपले?’ याचं उत्तर येतं, ‘पाच. दोघं रात्रपाळीला होते, ते सकाळी आठला येऊन झोपतात.’ म्हणजे खोली सातांची आणि गादी चोवीस तास गरम. कागदावर चारच राहिले असते. प्रश्नावलीतला हा एक बदल इतर सगळ्या सुधारणांपेक्षा जास्त कामाचा ठरला.

जागा पट्टीनेच मोजायची, घरमालकाने सांगितलेलं माप घ्यायचं नाही. दहा बाय बाराची खोली म्हणजे १२० चौरस फूट, पण मोरी, ओटा, कपाट आणि पिंप वजा केलं की झोपायला ८० उरतात. पोटमाळ्याचं काय? आधी आम्ही तो जागेत मिळवला आणि दाटी एकदम निम्म्यावर आली. हिशेब चुकीचा होता. पोटमाळ्याने झोपायची जागा वाढते, हवा वाढत नाही. हवेतल्या साथीसाठी खोलीचं घनफळ आणि हवा खेळती आहे का, हे धरायचं. म्हणून छताची उंचीही लिहायची आणि खिडकी समोरासमोर आहे की एकच, तिच्यापुढे दुसऱ्याची भिंत आहे का, तेही.

हवेचा अंदाज घ्यायला कार्बन डायऑक्साइडचा मीटर वापरतात. मोकळ्यावर तो सुमारे ४२० पीपीएम (हवेच्या दहा लाख भागांत ४२० भाग) दाखवतो. माणसं बसलेल्या खोलीत १,००० च्या वर गेला की हवा पुरेशी बदलत नाही असं समजायचं. पण मीटर घेताना नीट बघा. स्वस्तातले काही मीटर कार्बन डायऑक्साइड मोजतच नाहीत, भलतेच वायू पकडून आकडा बनवतात. जवळ सॅनिटायझर फवारा. आकडा उसळला तर तो मीटर परत करा, कारण उद्या तो फोडणीलाही उसळेल नि उदबत्तीलाही. खरा मीटर असला तरी गॅसची शेगडी पेटलेली असताना वाचन घेऊ नये, ज्वाळेतूनही कार्बन डायऑक्साइड निघतो. स्वयंपाक उरकून तास-दोन तास झाले की मग मीटर ठेवायचा, बसलेल्या माणसाच्या डोक्याच्या उंचीवर, तोंडापासून हातभर लांब. पहिल्या दिवशी आमच्या पथकांनी तो हातात धरून वाचला आणि आपलाच श्वास मोजून आणला.

शौचालयाचा निकष सोपा आहे. स्वच्छ भारतच्या मापाने सामुदायिक शौचालयात २५ स्त्रियांमागे एक आणि ३५ पुरुषांमागे एक सीट. २० सीटचा ब्लॉक, त्यात दहा-दहा, म्हणजे २५० बायका आणि ३५० पुरुष. कागदावर बसतं. मग आत जाऊन दारं मोजायची. कडी नाही, भांडं फुटलेलं, एकात झाडू-बादल्या ठेवून कुलूप, असं करत बायकांच्या दहापैकी सहा चालू निघाल्या तर क्षमता २५० वरून १५० वर येते. उरलेल्या शंभर बायका चालू सहांच्याच रांगेत उभ्या. ही रांग सकाळी सहा ते आठ डोळ्यांनी बघायची, कारण साथीत माणसं एकमेकांच्या सगळ्यांत जवळ तिथेच येतात आणि टाळेबंदीत बाकी सगळं बंद झालं तरी ही रांग बंद करता येत नाही. दुपारी बारा वाजता पाहणीला जाऊन ‘गर्दी आढळली नाही’ असं लिहिणाऱ्यांना आम्ही हात जोडतो.

आजारांची नोंद हा सापळा आहे. ‘मधुमेह आहे का, बीपी आहे का’ असं विचारत गेलो आणि निकाल उलटाच आला. टॉवरमध्ये मधुमेही पुष्कळ, वस्तीत जेमतेम. कारण उघड आहे. टॉवरमध्ये दरवर्षी तपासणी होते, वस्तीत चक्कर येऊन पडेपर्यंत होत नाही. हे आकडे तसेच जोखमीच्या गुणांत घातले तर औषध चालू असलेला, ज्याला स्वतःची साखर माहीत आहे तो माणूस जास्त जोखमीचा ठरतो आणि ज्याला पत्ताच नाही तो सुरक्षित. म्हणून ‘माहीत असलेला आजार’ गुणांतून काढून टाकला आणि त्याजागी आशाताई तिशीच्या पुढच्यांचा जो सीबॅक फॉर्म भरतात त्याचे गुण घेतले. वय, तंबाखू, दारू, कंबरेचा घेर, हालचाल, घराण्यातला इतिहास. चारच्या वर गुण गेले की तपासणीला पाठवायचं. घेर बायकांचा ८० आणि पुरुषांचा ९० सेंटिमीटरच्या पुढे गेला की गुण लागतात, आणि टेप साडीवरून किंवा शर्टावरून ओढला की दोन-तीन सेंटिमीटर सहज इकडचे तिकडे होतात. क्षयरोगाची नोंद मात्र केंद्राच्या रजिस्टरमधूनच घ्यावी, दारात उभं राहून तो प्रश्न विचारू नये. खाणीत राबलेल्यांची फुप्फुसं धुळीने आधीच गेलेली असतात, त्यासाठी ‘किती वर्षं दगड फोडला’ एवढं विचारलं तरी पुरतं.

एवढं सगळं करूनही तुर्भ्यात सगळ्यांत मोठी जोखीम आमच्या नमुन्यात नव्हतीच. ती बाजारात होती आणि बाजारात कुणी ‘राहत’ नाही.

भाजीपाला बाजार रात्री जागा होतो. गाड्या मध्यरात्रीपासून लागतात, पहाटेपर्यंत माल उतरून मुंबईकडच्या टेम्पोंत चढलेला असतो. नाशिक, पुणे, गुजरात, कर्नाटक, मध्य प्रदेश अशा सगळीकडच्या गाड्या. माथाडी, मापाडी, वारणार, मेहताजी, अडते, किरकोळ खरेदीदार, चहावाले. यातला नोंदीत माथाडी टोळीचा असतो, मुकादमाला तोंडपाठ. त्याची मजुरी माथाडी मंडळामार्फत मिळते, म्हणजे काम थांबलं तरी तो कुठल्या तरी यादीवर आहे. १९६९ च्या कायद्याची ती पुण्याई. त्याच्याच शेजारी बिननोंदीचा मजूर असतो. तो गाळ्याच्या माळ्यावर झोपतो, त्याचं नाव कुठेच नाही. २०२० च्या मे महिन्यात साथ फोफावल्यावर ११ ते १७ तारखेपर्यंत पाचही बाजार बंद ठेवावे लागले होते. मुंबईचं जेवण जिथून जातं ते ठिकाण कायम बंद ठेवता येत नाही आणि उघडं ठेवलं की ते सगळीकडची माणसं रोज एका छपराखाली आणतं.

ही माणसं आवकेवरून मोजायची. गेटवर गाड्यांची रोजची आवक लिहिली जाते. समजा एका रात्रीत ६०० गाड्या आल्या. दर गाडीत ड्रायव्हर आणि क्लीनर धरले की १,२०० बाहेरची माणसं झाली. खरेदीदार मोजायला जावक गेटवर पहाटे तीन ते पाच दर अर्ध्या तासातली दहा मिनिटं डोकी मोजायची आणि तिप्पट करायची. एक रात्र पुरत नाही. सोमवार वेगळा, सणाच्या आदली रात्र वेगळी, आंब्याच्या मोसमातला फळबाजार तर निराळंच प्रकरण. किमान चार रात्री हव्यात. मग रात्री गाळ्यांवर कोण झोपतं, हे मुकादमाला आणि चहावाल्याला विचारायचं. व्यापाऱ्याला विचारलं तर ‘कोणीच नाही’ असं उत्तर येतं, कारण गाळ्यात मुक्कामाला मुळात परवानगी नसते.

बाजारात आणखी एक गोष्ट मोजली ती जिवंत कोंबड्यांची दुकानं. २०२२ च्या फेब्रुवारीत आपल्याच ठाणे जिल्ह्यात, शहापूर तालुक्यातल्या वेहळोलीला, कोंबड्यांत एच-५-एन-१ हा बर्ड फ्लूचा विषाणू सापडला होता. दुकानं किती, पिंजरे गल्लीवर आहेत का, पिसं नि आतडी कुठे जातात, एवढंच लिहून पुढे गेलो.

दुसरी बाजू झेपण्याची. खाटा मोजताना सगळेच फसतात. विभागातल्या खासगी रुग्णालयातली खाट विभागाची नसते, तिथे पनवेलपासून ठाण्यापर्यंतचे रुग्ण येतात. आणि तीन रुग्णालयांच्या यादीत अतिदक्षता डॉक्टर म्हणून एकाच माणसाचं नाव असेल तर अतिदक्षता विभाग तीन नाहीत, एकच आहे. नावं समोर ठेवून जुळवली की यादी झपाट्याने आखूड होते.

ऑक्सिजनचा हिशेब मात्र करून बघावा. २०,००० लोकांच्या पट्ट्यात एका वेळी एक टक्का, म्हणजे २०० जण आजारी आहेत असं धरा. कोविडच्या सुरुवातीची ढोबळ विभागणी होती ८० टक्के सौम्य, १५ टक्क्यांना ऑक्सिजन, ५ टक्के अत्यवस्थ. म्हणजे १६०, ३० आणि १०. साध्या ऑक्सिजनच्या खाटेला मिनिटाला १० लिटर आणि अतिदक्षतेला २४ लिटर धरतात. ३० गुणिले १० अधिक १० गुणिले २४, झाले मिनिटाला ५४० लिटर, दिवसाला सुमारे ७७८ घनमीटर. मोठ्या डी-टाइप सिलिंडरमध्ये ७ घनमीटर मावतात, म्हणजे दिवसाला १११ सिलिंडर. दर तेरा मिनिटांनी एक बदलायचा, रात्री तीनलाही. तो बदलणारा माणूस कोण, हा प्रश्न विचारल्यावर एका बैठकीत जी शांतता पसरली तीच आमच्या दृष्टीने त्या रुग्णालयाची खरी नोंद. द्रवरूपात हाच ऑक्सिजन जेमतेम एक टनाच्या आसपास भरतो, पण त्याला टाकी हवी आणि टँकर वळेल एवढा रस्ता. हवेतून ऑक्सिजन काढणारा प्लांट ‘आहे’ एवढं लिहू नका. क्षमता किती? मिनिटाला ५०० लिटरचा असेल तर वरच्या हिशेबात तो कमीच पडतो. गेल्या महिन्यात किती तास चालला, हे लॉगबुकात बघा. शुद्धता ९३ टक्क्यांच्या आसपास, तीन इकडे-तिकडे चालते. वीज गेली तर जनरेटरवर चालतो का, की जनरेटर फक्त दिवे-पंख्यांपुरताच आहे? महिनोन् महिने बंद ठेवलेल्या प्लांटवर ऐन वेळी भिस्त ठेवता येत नाही.

उरलेले १६० सौम्य रुग्ण घरी राहतील असं सगळे गृहीत धरतात. घरी वेगळं राहायला वेगळी खोली आणि वेगळा संडास लागतो. सानपाड्यात ते बहुतेकांकडे आहे. तुर्भे स्टोअरसारख्या वस्तीत दहातल्या एकाकडे निघालं असं समजा, तर १४४ जणांना बाहेर खाट द्यावी लागेल. २०२० मध्ये वाशीचं सिडको प्रदर्शन केंद्र होतं, पण ती व्यवस्था उभी राहायला वेळ लागतो, पहिले दोन आठवडे शाळांवरच निघतात. म्हणून शाळा आधीच बघून ठेवाव्यात. वर्ग भरपूर असतात. पण मुताऱ्या पुष्कळ, संडास मोजके आणि आंघोळीची सोय शून्य. खाटांची संख्या वर्गांवरून काढायची नसते, संडासांवरून काढायची.

साथ लवकर लक्षात येण्याचा भाग थोडक्यात. रोगांवर नजर ठेवायच्या सरकारी पद्धतीत परिचारिकेचा, डॉक्टरचा आणि प्रयोगशाळेचा असे तीन फॉर्म आहेत, एस, पी आणि एल. वस्तीतला माणूस मात्र आधी कोपऱ्यावरच्या दवाखान्यात जातो आणि त्याच्याही आधी मेडिकलवाल्याकडे. तापाच्या गोळ्या एकदम जास्त खपल्या तर कुणाला फोन करायचा, हे त्या मेडिकलवाल्याला माहीत आहे का, एवढाच प्रश्न आम्ही विचारला आणि हो-नाही लिहिलं.

गुण देताना गटांची आपसांत क्रमवारी लावायचा मोह होतो. लावू नये. चाळीस गट चांगले असले तरी चाळिसावा कुणीतरी असतोच, आणि सगळे वाईट असले तरी पहिला छाती फुगवून बसतो. मोजायचं ते मापाशी. सीट २५ आणि ३५, हवा १,०००, ऑक्सिजनचा वरचा हिशेब. आणि तीन खाती वेगळी ठेवायची. लागण किती सहज होईल, झाली तर किती जण गंभीर होतील, आणि पेलायची ताकद कितपत तोकडी आहे. यांची सरासरी काढली की घोटाळा होतो. एका गटाचे गुण ०.६, ०.६, ०.६ आणि दुसऱ्याचे ०.९, ०.८, ०.१. सरासरी दोघांची ०.६. पहिल्या गटात सगळंच थोडं थोडं सावरायचं आहे, दुसऱ्यात रुग्णालय हाकेच्या अंतरावर आहे पण संडास तातडीने दुरुस्त करायचे आहेत. एकाच आकड्यात हे दिसणार कसं? एखाद्या खात्याला दुप्पट वजन द्यायचं झालं तर प्रत्येक खात्याला आळीपाळीने देऊन बघावं. जे गट प्रत्येक वेळी वरच्या दहांत येतात तेवढेच पक्के. बाकीच्यांबद्दल ठामपणे बोलू नये.

तयार झालेला नकाशा आशाताईंपुढे ठेवला की त्या दोन मिनिटांत चुका काढतात. ‘ही गल्ली आता नाही, तिथे पत्र्याचं गोडाऊन झालंय.’ ‘इथे हिरवं का? इथे पाणी फक्त पहाटे येतं.’ या बैठकीशिवाय नकाशा छापू नये.

शेवटी प्रत्येक गटाचं एक कार्ड होतं, दोन्ही बाजूंनी भरलेलं, आरोग्य केंद्राच्या कपाटाच्या दाराला आतून चिकटवलेलं. खोल्यांची मापं वर्षानुवर्षं टिकतात. संडासांच्या कड्या सहा महिन्यांत बदलतात, म्हणून तो रकाना पावसाळ्याआधी आणि दिवाळीनंतर पुन्हा भरायचा. सगळ्यांत आधी शिळे होतात ते फोन नंबर. मुकादमाचा, सिलिंडर पोचवणाऱ्याचा, शाळेची किल्ली ज्याच्याकडे असते त्या शिपायाचा. तेवढे पेन्सिलीने लिहायचे.